पायाच्या धमन्या ऐकायचा हातातला डॉप्लर: तीन वर्षं रोज वापरून लिहितेय

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज ड्युटी लवकर संपली म्हणून बसलेय. मी जखमांच्या ओपीडीत सिस्टर आहे. शुगरवाल्यांचे पाय, महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा, व्हेरिकोज व्हेन्सचे म्हणजे फुगलेल्या शिरांचे अल्सर, दिवसभर हेच. गेली तीन वर्षं माझ्या एप्रनच्या खिशात हा डॉप्लर असतो, मोबाईलपेक्षा थोडा जाड डबा, त्याला गुंडाळीची वायर आणि वायरच्या टोकाला पेनएवढा प्रोब, ८ मेगाहर्ट्झचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते या प्रकारच्या कुठल्याही चांगल्या मशीनला लागू होतं, आणि खरेदी करताना लोक कंपनी बघत बसतात पण वापरायचं कसं ते कोणी विचारत नाही. पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते शेवटी सांगते, कारण ती गोष्ट साधी नाहीये.

आधी एक स्पष्ट करते. डॉप्लर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर कलर डॉप्लर येतो, अंधारी खोली, मोठं सोनोग्राफीचं मशीन, स्क्रीनवर लाल निळं. हा तो नाही. याच्यात चित्र दिसत नाही, रंग नाहीत, रिपोर्टचा कागद बाहेर येत नाही. याच्यातून फक्त आवाज येतो. काही मॉडेलमध्ये छोट्या स्क्रीनवर लाटेची रेघ दिसते, माझ्याकडच्यात तीही नाही. आणि तीन वर्षांनी माझं मत असं झालंय की त्या आवाजातच सगळं आहे, आपण तो ऐकायला शिकत नाही आणि आकड्याच्या मागे धावतो, इथेच चुकतो.

पेशंटला आणि खरं सांगायचं तर कितीतरी स्टाफलासुद्धा वाटतं की हा एक प्रकारचा माईक आहे, पायावर ठेवला की आतल्या रक्ताचा आवाज मोठा करून ऐकवतो. तसं नाहीये. प्रोबच्या टोकाला दोन क्रिस्टल असतात, एक सतत आवाज सोडत असतो आणि दुसरा सतत परत आलेला पकडत असतो, आणि तो आवाज इतका बारीक असतो की आपल्या कानाला ऐकूच येत नाही. आपल्याला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, हा आहे ८० लाखांचा. तो जाऊन धावत्या लाल पेशींवर आपटतो, आणि पेशी पुढे सरकत असल्यामुळे परत येताना त्याची फ्रीक्वेन्सी थोडीशी बदलते, गाडी हॉर्न वाजवत आपल्याकडे आली की हॉर्न बारीक वाटतो आणि पुढे गेली की जाड होतो ना, तेच. गेलेला आवाज आणि आलेला आवाज यांच्यातला जो फरक तो मशीन आपल्याला ऐकवतं. आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, धमनीत रक्त सेकंदाला ५० सेंटीमीटर पळत असेल आणि प्रोब त्या धमनीशी ६० अंशात धरला असेल तर हा फरक येतो साधारण २६०० हर्ट्झ, म्हणजे बरोब्बर आपल्या कानाच्या टप्प्यात! वेगळं काही करावंच लागत नाही, फरक थेट स्पीकरला द्यायचा. रक्त जोरात पळालं की आवाज बारीक आणि उंच, संथ असलं की जाड आणि खालचा. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं अर्धं काम झालं.

ज्यांच्या नावाने हे चालतं त्या ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये हे मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर रक्तही नव्हतं आणि पेशंटही नव्हता, ते जोडताऱ्यांच्या रंगाबद्दल बोलत होते. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञांनी चालत्या आगगाडीवर तुतारीवाले उभे करून आवाजाच्या बाबतीत ते तपासून बघितलं. आणि माणसाच्या हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे ते वळलं १९५० च्या दशकात, जपानमध्ये ओसाकाला, सातोमुरा या संशोधकांच्या कामामुळे. ताऱ्यांसाठी मांडलेली गोष्ट आज माझ्या खिशात आहे आणि एखाद्याचा अंगठा वाचवतेय, हे मला अजूनही दर थोड्या दिवसांनी आठवतं.

आता वापराबद्दल. पहिले दोन आठवडे मला वाटलं मशीनच खराब आलंय. पावलाच्या वर लावलं, काही नाही. घोट्याच्या मागे लावलं, नुसती खरखर. बदलून द्या म्हणून सांगणारच होते, तेवढ्यात आमच्या जुन्या सिस्टर आल्या, त्यांनी काही न बोलता माझा हात धरला आणि प्रोब थोडा वर उचलला, आणि आवाज आला! मी दाबत होते. पावलावरची धमनी कातडीच्या अगदी खाली असते, खाली हाड, वरून आपण प्रोब रेटला की ती चपटी होऊन बंदच पडते, आणि आपण लिहून मोकळं होतो की आवाज नाही. नवीन माणसाची पहिली चूक हमखास हीच. प्रोब जेलवर तरंगला पाहिजे, कातडीला जेमतेम शिवला पाहिजे. म्हणून जेल भरपूर घ्या, हात आखडू नका, कातडी आणि प्रोबच्या मध्ये हवा राहिली तर आवाज पुढे जातच नाही. जेल सोनोग्राफीचंच, तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, कोणी सांगितलं तरी.

दुसरी चूक कोनाची. प्रोब सरळ उभा, काटकोनात धरला तर रक्त प्रोबकडे येतही नाही आणि लांब जातही नाही, ते आडवं निघून जातं, मग फरक शून्य आणि आवाजही शून्य. चांगली वाहती धमनी असली तरी. ४५ ते ६० अंशांत कलता धरायचा, टोक पेशंटच्या डोक्याकडे, म्हणजे येणाऱ्या रक्ताच्या समोर. आणि मग एका जागी टेकवून केसाएवढं केसाएवढं इकडे तिकडे कलवायचं. आवाज सापडला की लगेच खूश होऊन थांबायचं नाही, त्याच्या आजूबाजूला अजून स्वच्छ आवाज असतो, तो मिळेपर्यंत हात हलवायचा. मी तर सांगते आधी स्वतःच्या पायावर शिका. अंगठा वर ओढला की पावलावर एक दोरी उठून दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला लावा. ती नाही मिळाली तर आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेमागची जाड दोरी यांच्या मधल्या खळग्यात. काही लोकांमध्ये पावलावरची धमनी जन्मापासूनच बारीक असते किंवा जागा थोडी सरकलेली असते, म्हणून एक नाही मिळाली म्हणजे लगेच घाबरायचं नाही, पण दोन्ही नाही मिळाल्या तर घरी पाठवायचंही नाही.

आणि पाय गार असेल तर आधी पांघरूण घालून दहा मिनिटं झोपवा. आमच्याकडे पेशंट चालत येतो, टेबलावर चढतो आणि लगेच प्रोब लावला जातो, हे चूक आहे, गारठलेल्या पायात आणि नुकत्याच चालून आलेल्या पायात आवाज वेगळाच येतो.

आवाजांबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्णच होणार नाही. निरोगी पायाच्या धमनीत एका ठोक्याला तीन आवाज असतात. पहिला जोरकस आणि उंच, रक्त पुढे जातं तो. मग लगेच एक छोटा, रक्त क्षणभर मागे येतं तो. मग एक अगदी हलका, परत पुढे. फ्याक-शु-शु, फ्याक-शु-शु, असं काहीतरी, लिहून नाही सांगता येत. वय झालं की तिसरा बऱ्याचदा जातो, दोन राहतात, त्याने लगेच घाबरायचं कारण नाही. पण वर कुठेतरी मोठा अडथळा असेल तर मागे येणारा आवाज नाहीसा होतो आणि राहतो फक्त एक, तोही धारदार नाही, हूssउ, हूssउ, जाड, मऊ, हळूहळू चढणारा आणि हळूहळू उतरणारा, बंद दाराआडून कोणी उसासे टाकावेत तसा. तो एकदा ऐकला की विसरत नाही. आणि नेमक्या अरुंद जागेवरच प्रोब पडला तर उलटं होतं, चिमटीत धरलेल्या पाइपातून पाणी सुटावं तसा बारीक, तीक्ष्ण, सूं करणारा आवाज येतो कारण तिथे रक्ताचा वेग वाढलेला असतो. शिरेचा आवाज अजून वेगळा, ठोके नसतातच, वाऱ्यासारखा सतत आणि श्वासाबरोबर वरखाली होणारा. सुरुवातीला सुजलेल्या पायात मी शिरेलाच धमनी समजले होते एकदा. खूण सोपी आहे, पेशंटला क्षणभर श्वास रोखायला सांगा, किंवा हाताने पाऊल हलकं दाबा, शिरेचा आवाज लगेच बदलतो. या मशीनला खोली कळत नाही, वाटेत जी जी नळी येईल तिचा आवाज ते देतं, दोन एकदम आल्या तर दोन्ही एकदम. वेगळं करायचं काम आपल्या कानाचं.

आता आकडा. या मशीनने मुख्य जे मोजतात ते म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, एबीपीआय म्हणतात. दोन्ही दंडांचं डॉप्लरने वरचं बीपी घ्यायचं, त्यातलं मोठं धरायचं. घोट्याच्या जरा वर कफ, म्हणजे बीपीचा फुगणारा पट्टा, बांधायचा, प्रोब धमनीवर, आवाज जाईपर्यंत फुगवायचा, वर अजून २० आणि मग अगदी सावकाश सोडायचा, सेकंदाला दोनच्या हिशोबाने, पहिला आवाज परत आला तो आकडा. पावलावरची आणि घोट्यामागची दोन्ही घ्यायच्या, मोठी धरायची. समजा दंडाचं १४०, घोट्याचं ११२, तर ०.८. साधारण ०.९ च्या वर ठीक, खाली गेलं तर पायाच्या धमन्यांचा आजार धरायचा, ०.५ च्या खाली म्हणजे थांबायचं नाही, लगेच रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. अल्सरवर घट्ट कॉम्प्रेशनच्या पट्ट्या बांधायच्या असतील तर आधी हे बघितलंच पाहिजे, आम्ही ०.८ च्या खाली पूर्ण जोराची पट्टी बांधत नाही, कारण आधीच कमी रक्त पोचणाऱ्या पायावर वरून आवळलं तर पाय काळा पडायला वेळ लागत नाही.

इथपर्यंत सगळीकडे शिकवतात. इथून पुढचं मला एका आजींनी शिकवलं.

आजी सत्तरीच्या पुढच्या, शुगर वीसेक वर्षांपासूनची, बाहेरच्या घोट्यावर जखम, पाऊल सुजलेलं. बघताना शिरांचाच अल्सर वाटावा अशी जखम. माझ्याबरोबर नवीन मुलगी होती, हुशार, कामाची, तिने सगळं पद्धतशीर केलं. दंडाचं १३८, घोट्याला आवाज परत आला तो २०० ला, २०० भागिले १३८, म्हणजे १.४५. ती म्हणाली, "ताई, एकच्या वर आहे, मस्त आहे, पट्टी बांधूया ना?" आणि रोल काढलासुद्धा हातात. मी शेजारच्या पेशंटचं ड्रेसिंग करत होते, पाठमोरी, आकडा मी बघितलाच नव्हता, पण कानावर आवाज पडत होता. हूssउ. हूssउ. एकच, मऊ, दमलेला. मी तशीच ग्लोव्हज घातलेले हात वर धरून वळले आणि म्हटलं थांब, बांधू नको.

झालं काय होतं, इतक्या वर्षांच्या शुगरने धमनीच्या भिंतीत चुना साठतो, ती कडक नळीसारखी होते आणि कफने दाबलीच जात नाही. मग कफ सांगतो दोनशे, पण ते रक्ताचं प्रेशर नाही, तो नळीचा कडकपणा आहे. १.४ च्या वरचा आकडा चांगला नसतो, तो आकडा धरायचाच नसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे कडक नळी आणि आतलं ब्लॉकेज दोन्ही एकदम असेल तर एक आकडा वर ढकलतो, एक खाली ओढतो, आणि येतो बरोबर मधला, १.० किंवा १.१, दिसायला एकदम नॉर्मल. अशा वेळी कागदावर काहीच दिसत नाही, आवाज मात्र खरं सांगतो, कारण कफ आवळा नाहीतर सोडा, आवाजाला भिंतीच्या कडकपणाने सहसा फसवता येत नाही, पुढे रक्त कसं पोचतंय तेच तो सांगतो.

मग आम्ही आजींचा पाय उचलून बघितला. ही युक्ती जुनी आहे आणि याला कफ लागतच नाही. पेशंट आडवा, प्रोब पावलाच्या धमनीवर, एकीने पाय सरळ ठेवून सावकाश वर उचलत जायचं आणि दुसरीने ऐकत राहायचं, ज्या उंचीला आवाज जातो ती उंची मोजायची. रक्ताला तेवढं वर चढायचं बळ नाही असा त्याचा अर्थ. १३ सेंटीमीटर म्हणजे साधारण १० चं प्रेशर. धडधाकट पायात आवाज जातच नाही, पाय पूर्ण उभा केला तरी, म्हणून ही युक्ती फक्त खूप कमी प्रेशरवाल्या पायासाठीच कामाची. आजींचा आवाज पंचेचाळीस सेंटीमीटरला गेला. म्हणजे पस्तीसच्या आसपास. कफ म्हणत होता दोनशे. ती नवीन मुलगी हातातला पाय तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि आजी विचारतायत, "काय गं पोरींनो, काय झालं, मशीन बंद पडलं का?"

त्याच दिवशी सरांना दाखवून पुढे पाठवलं. कलर डॉप्लरमध्ये मांडीची धमनी ठीक निघाली पण गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन बंद आणि तिसरी अरुंद. फुग्याने उघडली. तीन आठवड्यांनी ड्रेसिंगला आल्या तेव्हा मी त्याच जागेवर प्रोब ठेवला (आम्ही मार्करने फुलीची खूण करून ठेवतो, पुसली तर परत करतो) आणि दोन आवाज आले. दोन! मी स्पीकर पूर्ण मोठा केला आणि त्यांना ऐकवलं. जखम भरायला पुढे चार महिने लागले, पण भरली, आणि अंगठा, बोटं सगळी जागेवर आहेत.

त्या दिवसापासून मी रजिस्टरमध्ये आकड्याशेजारी एक रकाना वाढवलाय, आवाज किती भागांचा, तीन, दोन, की एक. सगळ्यांना लिहायला लावते. आकडा आणि आवाज जुळत नसतील तर आवाजावर विश्वास ठेवायचा आणि पुढे पाठवायचं. शुगरवाल्यांमध्ये अंगठ्याला छोटा कफ लावूनही बघतात, अंगठ्याच्या बारीक धमन्यांमध्ये चुना सहसा कमी साठतो म्हणून, पण तिथे या प्रोबने आवाज पकडणं फार किचकट, त्याला वेगळा प्रकाशाचा सेन्सर असलेलं मशीन चांगलं.

याच्याने काय होत नाही तेही लिहिते. पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, शिरेत गुठळी झाली असेल का, यासाठी हे मशीन वापरू नका, हात जोडून सांगते. आवाज आला म्हणजे गुठळी नाही असं होत नाही, गुठळीच्या बाजूनेही रक्त वाहत असतं. त्याला सोनोग्राफीच पाहिजे, तिथे शिरेवर प्रोब दाबून बघतात, निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते आणि गुठळी असलेली मिटत नाही. व्हेरिकोज व्हेन्ससाठी थोडीफार मदत होते, पेशंटला उभं करून जांघेत प्रोब ठेवायचा, पोटरी दाबून सोडायची, सोडल्यावर उलटा आवाज अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त चालला तर शिरेतली झडप गळतेय. गुडघ्यामागे मात्र इतक्या शिरा जवळजवळ असतात की कुठलीचा आवाज आला ते कळत नाही, तिथे मी प्रयत्नच सोडलाय. अडथळा कुठे आहे, किती आहे, किती लांबीचा आहे, हे सांगायला कलर डॉप्लरच. त्याबद्दल एवढंच सांगते की स्क्रीनवर लाल म्हणजे धमनी आणि निळी म्हणजे शीर असं नसतं, सहसा प्रोबकडे येणारं लाल आणि लांब जाणारं निळं दाखवतात, प्रोब फिरवला की तीच नळी निळी होते. रिपोर्टच्या फोटोत निळं दिसलं म्हणून अशुद्ध रक्त साठलंय असं समजून रडत आलेला पेशंटचा मुलगा बघितलाय मी.

अजून एक, हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, याच्याने पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू येतील का. नाही. त्याला २ किंवा ३ मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो, ८ चा आवाज तेवढा खोल जातच नाही. आणि तो वेगळा प्रोब घेऊन घरी ऐकायचा विचार असेल तर कृपा करून करू नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये यावर सरळ इशारा दिलाय. माझी काळजी दुसरी आहे, आईचे स्वतःचे ठोके किंवा वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज बाळाचा म्हणून ऐकायचा आणि बाळाची हालचाल कमी झालेली असताना "ठोके तर येतायत" म्हणून घरी बसून राहायचं, यात वेळ जातो आणि तो वेळ परत मिळत नाही. हालचाल कमी वाटली तर दवाखाना गाठा, मशीन नको.

मशीनच्या बाजूने बोलायचं तर स्पीकर चांगला आहे, गोंगाटाच्या ओपीडीतही ऐकू येतो, हेडफोनची सोय आहे आणि ती वापराच, पेशंटला प्रत्येक आवाज ऐकवायची गरज नसते, काही जण ऐकूनच घाबरतात. प्रोबचं टोक नाजूक आहे, खाली पडला की संपलं. जेल वाळू देऊ नका, मऊ कापडाने पुसायचा, गरम पाण्यात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) कधीच घालायचा नाही. माझ्या आधीच्या दुसऱ्या मशीनची वायर प्रोबच्या मानेशी तुटली होती, वर्षभरातच, कारण आम्ही ती डब्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवायचो, याची गुंडाळी सैल ठेवते, अजून टिकली आहे. जखमेवरून कफ बांधायचा असेल तर जखमेवर आधी पातळ प्लास्टिकची फिल्म. मोबाईल शेजारी असला की खरखर येते, तो लांब ठेवा. खूप सुजलेल्या किंवा जाड पायाला ८ चा प्रोब कमी पडतो, ५ चा जास्त खोल जातो, जमलं तर दोन्ही घ्या, डबा एकच चालतो.

आता तो अर्धा मार्क. बॅटरी वाचावी म्हणून हे मशीन काही मिनिटांनी आपोआप बंद होतं. बंद होताना बीप नाही, काही नाही, फक्त बाजूचा एक बारीक हिरवा दिवा जातो, आणि तो दिवा नेमका आपल्या तळहाताखाली असतो. आता विचार करा, ज्या पायात आवाज सहज मिळतो तिथे काम दोन मिनिटांत होतं. जास्त वेळ कुठे लागतो, तर ज्या पायात आवाज सापडत नाही तिथेच. म्हणजे ज्या पायाला मशीनची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच पायावर ते गप्प होतं, आणि आपल्याला कळत नाही की गप्प कोण झालंय, मशीन की पाय. माझ्याकडून एकदा झालंय, एका काकांच्या पायावर मी आवाज नाही म्हणून लिहिलं, त्यांच्या बायकोचा चेहरा पांढरा पडला, काकू भिंतीला टेकून खालीच बसल्या, आणि मशीन उचलून ठेवताना मला दिसलं की दिवा बंद आहे. चालू करून परत लावलं तर आवाज होता, कमी होता, पण होता. मी काकूंची माफी मागितली. कंपनीला दोनदा कळवलंय की बंद होताना आवाज द्या किंवा दिवा वर घ्या. तोपर्यंत आमच्याकडे नियम केलाय, "आवाज नाही" असं लिहायच्या आधी प्रोब उचलून स्वतःच्या मनगटावर ठेवायचा, आपली नाडी ऐकू आली तरच परत पेशंटच्या पायावर जायचं, आणि तिथे अजून एकदा शोधायचं, हलक्या हाताने, न दाबता.